नाकाच्या शेंड्यातून आम्ल का झिरपत नाही?

लिंबाची फोड जिभेवर पिळली की डोळे आपोआप मिटतात. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या थोडा वर असतो. आता तुमचा हात पोटाच्या वरच्या भागावर, बरगड्यांच्या खाली, किंचित डावीकडे ठेवा. तिथे तुमचे जठर आहे. नुकतेच जेवण झाले असेल, तर या क्षणी त्या जठराच्या अस्तरातून लिंबाच्या रसाहूनही तीव्र आम्ल पाझरत असेल. पेशीतून बाहेर पडताना त्याचा पीएच एकच्या आसपास असतो. हे आम्ल म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटातील बाटलीवर ज्याचे नाव तुम्ही वाचले आहे तेच, हायड्रोक्लोरिक आम्ल. आपले जठर दिवसाकाठी एक ते दोन लिटर जठररस तयार करते.

यात तुम्हांला फारसे नवल वाटणार नाही. जठरात आम्ल असते हे पाठ्यपुस्तकात दिलेलेच आहे. पण पुढचा प्रश्न पुस्तकात सहसा नसतो. आम्ल तयार करण्याची जी कृती जठरातील पेशींजवळ आहे, तीच कृती, एकही अक्षर न गाळता, तुमच्या नाकाच्या शेंड्यावरील पेशींतही आहे. कानाच्या पाळीत आहे, डोळ्याच्या पडद्यात आहे, हृदयाच्या स्नायूत आहे. मग नाकाच्या शेंड्यातून आम्ल का झिरपत नाही? हृदयात आम्ल का साठत नाही?

प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याचे उत्तर चुकले तर आपण जिवंत राहणार नाही. ते उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली आणि काही भाग अजूनही शोधला जात आहे. चला, आपणही पायरीपायरीने त्या उत्तराकडे जाऊ.

आधी एक गैरसमज

छातीत जळजळले, आंबट ढेकर आली की आपल्या घरी म्हणतात, "पित्त झाले." शरीरशास्त्रातील पित्त मात्र वेगळे. ते यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते, हिरवट-पिवळे असते आणि आम्लधर्मी तर मुळीच नसते. जळजळ करते ते जठरातील आम्ल.

हे आम्ल नेमके कोणते, हे लंडनचे डॉक्टर विल्यम प्राउट यांनी १८२३ च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीपुढे सांगितले. ससे व इतर प्राणी यांच्या जठरातील द्रवाचे पृथक्करण करून त्यांनी दाखवले, की तो द्रव हायड्रोक्लोरिक आम्लामुळे आंबट आहे. अनेकांना हे पटेना. एवढे जहाल खनिज आम्ल जिवंत शरीरात कसे तयार होईल, असा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता. तो पुढची दीडशे वर्षे तसाच उभा राहिला.

आम्लपेशी आणि तिचा पंप

जठराच्या आतील अस्तरात असंख्य सूक्ष्म खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांच्या तळाशी नळीसारख्या ग्रंथी असतात. या ग्रंथींच्या भिंतीत काही मोठ्या, फुगीर पेशी बसलेल्या दिसतात. आम्ल त्या स्रवतात, म्हणून सोईसाठी आपण त्यांना 'आम्लपेशी' म्हणू. प्रौढ माणसाच्या जठरात त्या सुमारे शंभर कोटी असतात.

आम्लपेशीसमोरचे काम किती अवघड आहे ते पाहा. पेशीच्या आतील द्रवाचा पीएच सातच्या आसपास असतो आणि बाहेर पडणाऱ्या आम्लाचा एकच्या आसपास. पीएच एकाने कमी झाला की हायड्रोजन आयनांची तीव्रता दहापट वाढते, हे तुम्ही शिकला आहात. येथे फरक सहाचा आहे. म्हणजे दहाचा सहावा घात, दहा लाख पट! विरळ ठिकाणचे आयन उचलून दहा लाख पट दाट ठिकाणी ढकलायचे, म्हणजे विहिरीचे पाणी डोंगरमाथ्यावर चढवण्यासारखे आहे. त्याला पंप हवा आणि पंपाला इंधन हवे.

हा पंप सापडला तो बेडकामुळे. १९७३ साली अमेरिकेत गॅन्सर आणि फोर्ट या संशोधकांना बुलफ्रॉग जातीच्या बेडकाच्या आम्लपेशींत एक विकर आढळले. पोटॅशियम असले तरच ते ए.टी.पी. हे पेशीचे इंधन फोडत असे. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, जॉर्ज सॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या जठरापासून मिळवलेल्या सूक्ष्म पिशव्यांवर प्रयोग केले आणि त्या विकराचे खरे काम दाखवून दिले. ए.टी.पी.तील ऊर्जा वापरून ते हायड्रोजन आयन एका बाजूला ढकलते आणि बदल्यात पोटॅशियम आयन दुसऱ्या बाजूला घेते. प्राउट यांच्या टीकाकारांना हवे असलेले उत्तर हेच होते.

हायड्रोजन आयन येतात कुठून? पेशीतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून कार्बनिक आम्ल बनते आणि ते फुटून हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट आयन मिळतात. या क्रियेला वेग देणारे विकर आम्लपेशीत भरपूर असते. हायड्रोजन आयन पंपाने जठराच्या पोकळीकडे जातात. बायकार्बोनेट मागच्या दाराने रक्तात जाते व त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येते. हे क्लोराइडही मग पोकळीत उतरते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची जोडी पुरी होते. जठरात जेवढे आम्ल, तेवढाच अल्क रक्तात. म्हणूनच भरपेट जेवणानंतर जठरातून निघणारे रक्त थोडे अल्कधर्मी झालेले असते.

एवढे पंप चालवायला ऊर्जाही तितकीच लागते. त्यामुळे ए.टी.पी. बनवणाऱ्या तंतुकणिका आम्लपेशीत दाटीवाटीने भरलेल्या असतात. पेशीच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक जागा त्या व्यापतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

कृती लिहिलेली वही

पंप हे प्रथिन आहे आणि प्रथिनाची कृती जनुकात लिहिलेली असते. आम्लपंपाचे दोन भाग आहेत. मोठा भाग आयन ढकलण्याचे काम करतो. त्यात १,०३५ अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफलेली असतात. धाकट्या भागात २९१ अमिनो आम्ले असतात. मोठ्याला योग्य जागी नेणे व टिकवणे यासाठी तो लागतो. माणसात मोठ्या भागाचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर आणि धाकट्याचे १३ व्या गुणसूत्रावर आहे. एका अमिनो आम्लासाठी डी.एन.ए.ची तीन अक्षरे लागतात. तेव्हा मोठ्या भागाच्या नुसत्या कृतीला १,०३५ गुणिले ३, म्हणजे ३,१०५ अक्षरे झाली. माणसाच्या डी.एन.ए.मधील एकूण अक्षरे सुमारे तीनशे कोटी आहेत.

आता हा सगळा मजकूर प्रत्येक पेशीत असतो हे कशावरून? की जठराच्या पेशीत फक्त जठराची पाने ठेवली जातात आणि बाकीची फाडून टाकली जातात? एके काळी हा प्रश्न खुला होता. याचे उत्तरही बेडकाने दिले. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढले आणि ज्याचे स्वतःचे केंद्रक निकामी केले होते अशा अंड्यात ते बसवले. काही अंड्यांपासून पोहणारी, धडधाकट पिले तयार झाली. त्या पिलांना डोळे होते, हृदय होते, शेपूट होती. म्हणजेच आतड्याच्या पेशीने डोळ्याची किंवा हृदयाची पाने फाडलेली नव्हती, नुसती मिटून ठेवली होती. या कामासाठी गर्डन यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आजीची पाककृतींची जाडजूड वही असावी आणि सगळ्या लेकींनी तिची नक्कल करून आपापल्या घरी न्यावी, तसे हे आहे. वही सगळीकडे तीच. पण एका घरी पुरणपोळीचे पान रोज उघडते आणि दुसऱ्या घरी ते वर्षानुवर्षे उघडतच नाही. कोणत्या घरी काय शिजेल, हे वहीवरून ठरत नाही. कोणते पान उघडले जाते, त्यावरून ठरते.

जनुकाचे पान उघडणे म्हणजे त्याची संदेशवाहक आर.एन.ए.च्या रूपात नक्कल होणे आणि त्या नकलेवरून प्रथिन बनणे. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मग आपला प्रश्न असा झाला: आम्लपंपाचे पान आम्लपेशीतच कोण उघडते?

कुलपाचा शोध

जनुक चालू-बंद करण्याची सोय डी.एन.ए.मध्येच असते, हे फ्रान्सच्या झाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली आतड्यातील जिवाणूंच्या अभ्यासातून मांडले. दुधातील साखर मिळाली की ती पचवण्याची जनुके चालू होतात, साखर संपली की बंद होतात. जनुकाच्या आधी एक छोटा भाग असतो आणि त्यावर विशिष्ट प्रथिने बसतात किंवा उठतात. त्यावर वाचन अवलंबून असते. या भागाला आपण 'कुलूप' म्हणू आणि त्यावर बसून वाचन सुरू करणाऱ्या प्रथिनाला 'किल्ली'.

आम्लपंपाचे कुलूप शोधायचे, तर आधी जनुक हाती यायला हवे. उंदराच्या जातीतील घुशीएवढ्या 'रॅट'च्या आम्लपंपाच्या मोठ्या भागाची संदेश-अक्षरे १९८६ साली अमेरिकेत शल आणि लिंग्रेल यांनी वाचली. तेव्हा एक मजेदार गोष्ट कळली. आपल्या बहुतेक सर्व पेशींत सोडियम बाहेर टाकणारा एक पंप असतो. आम्लपंप त्याचा सख्खा भाऊ निघाला. दोघांतील साठ टक्क्यांहून अधिक अमिनो आम्ले सारखीच! एक भाऊ घरोघरी राबतो आणि दुसरा फक्त जठरात. फरक कुलपातच असला पाहिजे.

जपानमधील ओसाका विद्यापीठात मायेदा आणि फुताई यांच्या गटाने हे कुलूप हाती घेतले. अशा प्रयोगाची रीत समजण्यासारखी आहे. जनुकाच्या अलीकडचा डी.एन.ए.चा एक लहान तुकडा घ्यायचा. तो एका पातळ, लुसलुशीत जेलमधून विजेच्या साहाय्याने धावू द्यायचा. तुकडा लहान असल्याने भरभर पुढे जातो. आता त्यात जठराच्या पेशींच्या केंद्रकांचा अर्क मिसळून पुन्हा शर्यत लावायची. अर्कातील एखादे प्रथिन तुकड्याला चिकटले, तर पाठीवर ओझे घेतलेल्या मुलासारखा तो मागे रेंगाळतो. मग तुकड्यातील एकेक अक्षर बदलून पाहायचे. ज्या अक्षरांत बदल केल्यावर प्रथिन चिकटेनासे होते, ती कुलपाची भोके.

अशा प्रयोगांतून या गटाने १९९१ ते १९९३ या काळात दाखवले, की आम्लपंपाच्या दोन्ही जनुकांच्या अलीकडे एकसारखी अक्षरओळ आहे आणि जठरातील प्रथिने तिला चिकटतात. दोन जनुके दोन वेगळ्या गुणसूत्रांवर, पण कुलूप एकाच बनावटीचे. हे सोईचेच आहे. पंपाचे दोन्ही भाग बरोबरीने हवे असतात. २००० च्या सुमारास मोठ्या भागाचे जनुक निकामी केलेले आणि धाकट्या भागाचे जनुक निकामी केलेले असे वेगवेगळे उंदीर तयार करण्यात आले होते. दोन्ही प्रकारच्या उंदरांच्या जठरात आम्ल बनत नव्हते.

कुलपाच्या ओळीचा गाभा जी, ए, टी, ए या चार अक्षरांचा होता. त्यावर बसणारी प्रथिने 'गाटा' या कुळातील निघाली. जस्ताच्या अणूभोवती घडी घातलेली बोटासारखी रचना त्यांच्यात असते. त्या बोटांनी ती डी.एन.ए.वरील जी-ए-टी-ए ही अक्षरे चाचपून ओळखतात. जठरात सापडलेली दोन गाटा प्रथिने म्हणजे गाटा-४ आणि गाटा-६. किल्ली सापडली! प्रश्न सुटला, असे वाटेल. पण जरा थांबा.

किल्ली एकटी पुरत नाही

पेन्सिल घ्या. डी.एन.ए.ची अक्षरे चार. चार अक्षरांची कोणतीही एक विशिष्ट ओळ नुसत्या योगायोगाने दर ४ × ४ × ४ × ४, म्हणजे २५६ अक्षरांमागे एकदा येईल. तीनशे कोटींना २५६ ने भागा. उत्तर येते सुमारे १ कोटी १७ लाख. तेव्हा जी-ए-टी-ए ही ओळ आपल्या डी.एन.ए.त एक कोटीहून अधिक ठिकाणी असणार. प्रत्येक ठिकाणी वाचन सुरू झाले तर नुसता गोंधळ माजेल.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. गाटा-४ हे प्रथिन हृदयाच्या पेशींतही असते. इतकेच नव्हे, ते नसेल तर गर्भात हृदय नीट घडतच नाही. हे १९९७ साली उंदरांत दिसून आले. किल्ली हृदयाजवळही आहे आणि कुलूप तर सगळ्यांजवळ आहे. मग हृदय आम्ल का बनवत नाही?

याचे उत्तर कळायला बँकेच्या लॉकरची आठवण करा. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक तुमची. बँकेची किल्ली शेकडो लॉकरना चालते, पण एकटीने एकही उघडत नाही. जनुकांचेही बरेचसे असेच आहे. गाटा-४ हृदयात ज्या सोबत्यांबरोबर बसते ते वेगळे, जठरात ज्यांच्याबरोबर बसते ते वेगळे. कुलपाच्या ओळीच्या आजूबाजूला इतर प्रथिनांसाठीही जागा असतात. ठरावीक मंडळी एकत्र जमली तरच वाचन जोमाने सुरू होते. मोजक्या किल्ल्यांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून शरीर शेकडो प्रकारच्या पेशी घडवते.

शिवाय लॉकरपर्यंत पोहोचायचे, तर आधी तिजोरीच्या खोलीचे दार उघडे हवे. एका पेशीतील डी.एन.ए. ताणून सरळ केले तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. ते हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून केंद्रकात कोंबलेले असते. जे भाग घट्ट गुंडाळलेले असतात, तेथे किल्ली पोहोचणेच कठीण. पेशी घडताना ज्या भागांची गरज पडणार ते सैल होतात, बाकीचे मिटतात.

आम्लपेशीच्या बाबतीत आणखी एक किल्ली अलीकडे पुढे आली आहे. तिचे नाव ई.आर.आर.-गॅमा. पेशीची ऊर्जा आणि तंतुकणिका यांच्याशी संबंधित जनुकांवर देखरेख करणारे हे प्रथिन आहे. ते नसलेल्या उंदरांच्या जठरातील जनुकांचे वाचन बिघडते, हे २०१० साली दिसले होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यापुढची गोष्ट कळली. उंदराच्या जठरातील मूळपेशींतून हे प्रथिन काढून टाकले, तर त्यांच्यापासून आम्लपेशी तयारच होत नाहीत. तुम्हांला तंतुकणिकांची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती, ती यासाठी. पंप आणि त्याला ऊर्जा देणारे कारखाने, दोन्हींच्या उभारणीत एकाच मुकादमाचा हात आहे. पंप बसवून वीज न देण्याची चूक निसर्ग करत नाही.

मिनिटांचे काम आणि दिवसांचे काम

आता तुम्ही विचाराल, फोडणीचा वास आला की जठर लगेच आम्ल सोडू लागते, ते काय जनुक वाचून? नाही. जनुक वाचून, प्रथिन बनवून, ते जागेवर न्यायला वेळ लागतो. जेवणाची वेळ तेवढी थांबणार नाही. म्हणून आम्लपेशी पंप आधीच बनवून आतील सूक्ष्म पिशव्यांत रचून ठेवते. चेतातंतूंतून ॲसिटिलकोलीन, शेजारच्या पेशींकडून हिस्टामीन आणि रक्तातून गॅस्ट्रिन हे संप्रेरक, असे तीन निरोप आले की या पिशव्या काही मिनिटांत पेशीच्या स्रावणाऱ्या कडेला जाऊन मिळतात आणि पंप कामाला लागतात. त्या कडेचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते. जेवण आटोपले की पंप पुन्हा आत घेतले जातात.

पण कोठारातील माल संपत जातो. पंप जुने होतात व मोडीत निघतात. रॅटमध्ये निम्मे पंप साधारण ५४ तासांत बदलले जातात. आम्लपेशीही अमर नाही. उंदरात तिचे आयुष्य साधारण ५४ दिवसांचे असते. म्हणून जनुकाचे वाचन सतत हवे आणि ते मागणीप्रमाणे हवे. १९८९ साली अमेरिकेत कुत्र्याच्या आम्लपेशींवर प्रयोग झाले. आम्ल सोडायला सांगणारे हेच निरोप पंपाच्या जनुकाचे वाचनही वाढवतात, असे त्यांतून दिसले. कार्बनिक आम्ल बनवणाऱ्या विकराच्या जनुकाचेही तसेच. म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकाला माल देतो आणि त्याच वेळी नव्या मालाची मागणीही नोंदवून ठेवतो. गॅस्ट्रिनचे जनुक निकामी केलेल्या उंदरांत आम्लपेशींची संख्याच घटते, हेही पुढे १९९७ च्या सुमारास दिसले.

वेग वाढवणारे आहेत, तसा लगाम घालणाराही आहे. जठरात आम्ल फार झाले की सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक पुढे येते आणि गॅस्ट्रिनचा पुरवठा कमी करते.

आम्लतेवर डॉक्टर देतात त्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांचे गूढही इथेच उलगडते. १९८८ पासून वापरात आलेले हे औषध जनुकाला हात लावत नाही. ते चालू पंपाला जाऊन घट्ट चिकटते आणि त्याला कायमचे बंद पाडते. हे औषध रक्तात काही तासच राहते, पण आम्ल कमी झालेले दिवसभर आणि त्याहूनही जास्त टिकते. कारण आम्ल पूर्ववत व्हायला कोठारातील व नव्याने बनलेले पंप जागेवर यावे लागतात. ही गोळी मित्राने सांगितली म्हणून घ्यायची नसते, हे वेगळे सांगायला नको. आम्ल हा काही आपला शत्रू नव्हे.

कुलूप दुसऱ्याने फिरवले तर?

आम्ल मित्र कसा, ते पटकीच्या जंतूला विचारावे. स्वयंसेवकांवर १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दहा कोटी जंतू पोटात जाऊनही सहसा आजार झाला नाही. पण आधी खायचा सोडा देऊन जठरातील आम्ल शमवले, तेव्हा दहा लाख जंतूही पुरले. दूषित पाण्यातून येणाऱ्या जंतूंपुढे जठरातील आम्ल हा पहिला दरवाजा आहे.

हा दरवाजा आतून सैल करणारा एक पाहुणा मात्र आहे. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हा जिवाणू जठरातून मिळवून वाढवला. एवढ्या आम्लात जिवाणू राहूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांची खात्री पटवायला मार्शल यांनी १९८४ साली त्याचे पाणी स्वतः प्यायले आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जिवाणू युरियापासून अमोनिया बनवून आपल्याभोवतीचे आम्ल शमवतो. पण त्याची कारवाई तेवढ्यावर थांबत नाही. २००० आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासांत असे दिसले, की त्याच्या संसर्गाने मानवी जठरपेशींत आम्लपंपाच्या मोठ्या भागाच्या जनुकाचे वाचनच कमी होते. संसर्ग होताच पेशी आपली संरक्षक प्रथिने केंद्रकात धाडते. त्यांतील पी-५० नावाचे प्रथिन याच जनुकाच्या कुलपावर जाऊन बसते आणि वाचन मंदावते. पाहुण्याने घरच्याच रखवालदाराकडून भट्टी विझवून घेतली! सुरुवातीच्या काळात आम्ल असे घटले, की दुसऱ्या जंतूंनाही वाट मोकळी होते. संसर्ग वर्षानुवर्षे राहिला तर काही जणांत आम्लपेशी नष्ट होत जातात, आणि पुढे जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूची नोंद कर्करोगकारकांत केली. तेव्हा एका जनुकाच्या अलीकडील चार-दोन अक्षरांचा अभ्यास ही नुसती पंडिती हौस नाही.

पान फाडले गेले तर?

आपल्या पेशी नको असलेले पान मिटून ठेवतात, फाडत नाहीत, असे आपण म्हटले. पण कोट्यवधी वर्षांत काही प्राण्यांच्या वहीतून ते पान खरोखरच नाहीसे झाले आहे. ऑस्ट्रेलियातील बदकचोच्या प्लॅटिपसला आम्ल स्रवणारे जठर नाही. त्याच्या डी.एन.ए.चे वाचन २००८ साली जाहीर झाले, तेव्हा आम्लपंपाची जनुके निकामी किंवा नाहीशी झालेली आढळली. इतके लांब जायलाही नको. बाजारात मिळणारे रोहू आणि कटला हे कार्प कुळातील मासे. त्यांनाही खरे जठर नसते, अन्न घशातून थेट आतड्याकडे जाते. याच कुळातील झेब्रा माशाच्या डी.एन.ए.त आम्लपंपाची जनुके नाहीत, आणि जठर नसलेल्या इतर अनेक माशांतही तसेच आहे. पान वापरात नव्हते, त्यातील चुका कोणी दुरुस्त केल्या नाहीत, आणि अखेरीस ते गळून गेले.

तुमच्या नाकाच्या शेंड्यावर मात्र ते पान शाबूत आहे. त्यातील ३,१०५ अक्षरे जागच्या जागी आहेत. फक्त तेथील पेशींनी ते घट्ट गुंडाळून ठेवले आहे आणि ते उघडणारी मंडळी तेथे एकत्र जमत नाहीत. म्हणून तुम्हांला खुशाल नाक पुसता येते.

हे करून पाहा

एक रुपयाचे आणि दोन रुपयांचे असे एकेक नाणे घ्या. दोन्ही एकदम उडवा. दोन्ही छापे पडले तर ए लिहा. रुपयाचा छापा व दुसऱ्याचा काटा पडला तर टी. रुपयाचा काटा व दुसऱ्याचा छापा पडला तर जी. दोन्ही काटे पडले तर सी. असे करत ओळीने २५६ अक्षरे लिहा. आता त्यात जी-ए-टी-ए ही ओळ किती वेळा आली ते मोजा. एखाद्याला ती एकदाही मिळणार नाही, एखाद्याला दोनदा मिळेल. वर्गातील सगळ्यांची बेरीज करा आणि मुलांच्या संख्येने भागा. उत्तर एकच्या जवळ आले का? मग शिक्षकांबरोबर चर्चा करा: ही ओळ आठ अक्षरांची असती, तर तीनशे कोटी अक्षरांत ती किती ठिकाणी सापडली असती? आणि तेवढ्याने तरी एका किल्लीचे काम भागले असते का?